आत्याचा लास्ट सीन

मी समुपदेशक आहे, ख्रिस्ती घरातली तरुण मुलं माझ्याकडे येतात तेव्हा एक प्रश्न हटकून येतो. प्रभू येशू आज रात्री परत आला आणि विश्वासणाऱ्यांना उचलून घेऊन गेला तर मी त्याच्यासोबत जाईन की मागे राहीन? आणि त्याच्या पोटातच दुसरा, की मी विश्वास ठेवला म्हणतो ते खरंच मनापासून आहे का नुसतं तोंडदेखलं, हे मला कळायचं कसं? कोणी रडत विचारतं, कोणी हसण्यावारी नेत विचारतं, एकीने तर रात्री अडीचला मेसेज टाकला आणि सकाळी डिलीट केला. मी प्रत्येकाला थोडं वेगळं उत्तर देते पण देताना डोक्यात एकच मुलगा असतो. त्याचीच गोष्ट लिहितेय. त्याची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि लिहून झाल्यावर त्याला वाचायला दिलं तर म्हणाला ताई एवढी एक ओळ काढा, ती काढली.

वय सव्वीस. नोकरी बरी, घरचे चांगले, दर रविवारी उपासनेला जाणारा, तरुण संघात गिटार वाजवणारा. आला तो झोपेची तक्रार घेऊन. झोप लागत नाही, लागली तर तीनच्या सुमारास जाग येते आणि मग उजाडेपर्यंत टक्क. मी नेहमीचे प्रश्न विचारले, कामाचा ताण आहे का, घरात काही चालू आहे का, कोणी सोडून गेलंय का. सगळ्याला नाही. मग म्हटलं बरं, जाग आली की तू नक्की करतोस काय? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, फोन बघतो. फोनमध्ये काय बघतोस?

आत्याचा लास्ट सीन.

मला आधी काही कळेचना. मग हळूहळू निघालं. त्याची आत्या सत्तरीच्या पुढची, सगळी मंडळी जिच्याकडे प्रार्थनेची विनंती घेऊन जाते अशी बाई, पहाटे चारला उठून बायबल वाचणारी. याचं गणित असं की प्रभू आला आणि विश्वासणाऱ्यांना उचलून घेतलं तर आपल्या ओळखीत सगळ्यात आधी कोण जाईल, तर आत्या. म्हणजे आत्या अजून इथे असेल तर ते अजून घडलेलं नाही. तीनला जाग आली की हा तिचं चॅट उघडायचा, लास्ट सीन दहा वाजून बावीस मिनिटं, म्हणजे तोपर्यंत तरी होती, पण त्यानंतरचं काय? मग चारची वाट बघायची. चारनंतर ती ऑनलाइन दिसली की सुटला. सव्वाचारपर्यंत दिसली नाही तर मिस कॉल द्यायचा आणि लगेच कट करायचा. रिंग गेली म्हणजे फोन चालू आहे, पण फोन तर वर जाणार नाही ना, फोन इथेच राहील, म्हणून रिंग जाऊनही समाधान नाही. हे सांगताना तो स्वतःच हसला आणि हसता हसता डोळे पुसले. त्याला कळत होतं की हे वेड्यासारखं आहे, आणि कळून काही उपयोग होत नव्हता.

दुसरी गोष्ट प्रार्थनेची. बारा वर्षांचा असताना एका शिबिरात त्याने पश्चात्तापाची प्रार्थना केली होती, प्रभू माझ्या हृदयात ये वगैरे. त्या रात्री वक्त्याने विचारलं होतं की तुम्ही हे मनापासून म्हटलं का, कारण नुसते शब्द म्हणून कोणी वाचत नाही. पोरं लहान, दिवसभराची दमलेली, आणि हा असा की त्या क्षणी त्याच्या मनात पायाला चावणाऱ्या डासाचा विचार आला होता. म्हणजे मनापासून नव्हतं. म्हणून त्याने पांघरुणात पुन्हा एकदा केली. मग पुन्हा. चौदा वर्षं तो ती प्रार्थना करत होता! एखादा शब्द अडखळला की परत पहिल्यापासून. मधे दुसरा विचार आला की परत पहिल्यापासून. मी त्याला एक छोटी वही दिली आणि म्हटलं फक्त मोजून आण, बदलू काही नकोस. पहिल्या दिवसाचा आकडा त्रेसष्ट.

आता माझी चूक सांगते, कारण ही गोष्ट लिहायचं खरं कारण तेच आहे.

मी स्वतः ख्रिस्ती घरातली, संडे स्कूलपासून वचनं पाठ. त्यामुळे हा मुलगा बोलायला लागला की माझ्या तोंडातून आपोआप वचन बाहेर यायचं. तो म्हणायचा मी मागे राहीन, मी म्हणायची अरे जो माझ्याकडे येतो त्याला मी घालवणार नाही असं लिहिलंय ना योहानात. तो म्हणायचा पण मी मनापासून आलो का, मी म्हणायची तुझी तळमळच सांगते की तू मनापासून आलायस. सेशन संपेपर्यंत चेहरा फुललेला असायचा. मला वाटायचं काम होतंय. पुढच्या आठवड्यात तोच चेहरा घेऊन तो परत, आणि प्रश्न तोच, फक्त एक पदर आणखी आत गेलेला. ताई, तुम्ही म्हणालात तळमळ हाच पुरावा, पण तळमळ नरकाच्या भीतीची असेल तर? प्रभूवरच्या प्रेमाची नसेल तर? मग मी त्यावर वचन शोधायची. असे चार सेशन.

पाचव्याला त्याने फोन काढून टेबलावर ठेवला आणि एक रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज. त्याने आधीच्या सेशनमध्ये मला न सांगता रेकॉर्ड केलं होतं (आणि त्याबद्दल नंतर माझी बोलणी खाल्ली). पाऊण मिनिटाचा तुकडा कापून ठेवलेला, मी म्हणतेय हो, तू प्रभूचा आहेस, तुझी प्रार्थना त्याने पहिल्याच वेळी ऐकलीय. हा तुकडा तो रात्री ऐकायचा, पंधरा वेळा, वीस वेळा. आणि त्याची तक्रार काय होती? ताई, इथे बघा, तुम्ही हो म्हणालात आणि थांबलात. का थांबलात? तुम्हाला पण शंका होती का?

मी श्वास घेतला होता हो. बाकी काही नाही. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख पडलं की मी या मुलावर उपचार करत नाहीये, मी त्याच्या विधीतली एक पायरी झालेय. आत्याचा लास्ट सीन, त्रेसष्ट प्रार्थना आणि आता ताईचा पाऊण मिनिट.

याला मराठीत जुना आणि नेमका शब्द आहे, मंत्रचळ. डॉक्टरी भाषेत ओसीडी. लोकांना वाटतं ओसीडी म्हणजे सारखे हात धुणं आणि कुलूप तपासणं, पण तो माणसाला जे सगळ्यात मोलाचं वाटतं तिथे जाऊन बसतो, आईला बाळाच्या जिवाची भीती घालतो आणि देवावर प्रेम करणाऱ्याला देवाचीच. धर्माच्या बाबतीतल्या या प्रकाराला स्क्रुप्युलॉसिटी म्हणतात आणि त्याच्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ बारीक टोकदार खडा. बुटात खडा गेलेला माणूस चालणार कसा, तो दर चार पावलांवर थांबून बूट काढून बघणार. आणि हे आजचं नाही. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर १५०५ मध्ये मठात गेला, तरुण साधू होता तेव्हा तो तासन्तास पापाची कबुली द्यायचा, एखादं विसरलं तर नाही ना म्हणून परत जायचा, त्याचे वरिष्ठ श्टाउपिट्स टेकीला आले होते. श्टाउपिट्सने त्याला जो सल्ला दिला तो मला फार आवडतो, की स्वतःकडे बघणं सोड आणि ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ. पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाने बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं, भोवरा कुठे फिरतोय तर स्वतःच्या आत बघण्यात.

मी त्याला सरळ सांगितलं की चार आठवडे माझं चुकलं, आणि आता असं करू, एक सेशन पूर्ण तुझ्या प्रश्नांना देऊ, द्वितीयागमनाबद्दल, म्हणजे प्रभूच्या परत येण्याबद्दल मला जे माहिती आहे ते सगळं सांगते, तू हवं ते विचार, पण ते एकदाच. त्यानंतर तोच प्रश्न आला तर मी उत्तर देणार नाही, तू रडलास तरी नाही. तो म्हणाला चालेल. चालेल म्हणताना त्याने फोनकडे हात नेला रेकॉर्डिंगसाठी आणि मी नुसतं बघितल्यावर मागे घेतला.

तर त्या सेशनमध्ये आम्ही बायबलमधलं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र उघडलं, कारण त्याची सगळी भीती तिथूनच आलेली, चौथ्या अध्यायातून, देवाची तुतारी वाजेल आणि आपण मेघांमध्ये उचलले जाऊ. त्याला ते अर्थातच पाठ होतं. मी म्हटलं तुतारीच्या आधीच्या ओळी वाच. हे पत्र इसवी सन ५० च्या आसपासचं, प्रेषित पौलाच्या सगळ्यात जुन्या पत्रांपैकी. थेस्सलनीकातल्या मंडळीत काही माणसं वारली होती आणि मागच्यांना घोर लागला की प्रभू यायच्या आधीच आमची माणसं गेली, आता ती त्याच्या येण्याला मुकणार का. म्हणजे भीती याच जातीची होती, कोणीतरी मागे राहील! फक्त त्यांना ती स्वतःसाठी नव्हती, मेलेल्यांसाठी होती. आणि पौल काय म्हणतो, नाही, ते आधी उठतील, मग आपण सगळे मिळून. आता शेवटची ओळ वाच म्हटलं. त्याने वाचली, म्हणून या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. परत वाचली. त्याने मला विचारलं ही ओळ शिबिरात का नाही वाचली कोणी? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांनी शिकवलं त्यांची भावना वाईट नसेल, पण बारा वर्षांच्या पोरांना रात्री दहाला तुतारी ऐकवायची आणि सांत्वनाची ओळ गाळायची हे मला पटत नाही, पटणारही नाही.

मग तो म्हणाला पण कोणाला कळणार नाही असं उचलणं, एक नेला जाईल एक ठेवला जाईल, विमानातून पायलट गायब, ते? मी म्हटलं हे बघ, प्रभू परत येणार हे सगळे ख्रिस्ती मानतात, कॅथलिक असो, ऑर्थोडॉक्स असो, प्रोटेस्टंट असो, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो पुन्हा येईल हे आपण नाइसीन विश्वासांगीकारात म्हणतो आणि तो चौथ्या शतकातला आहे. पण शेवटच्या काळातल्या महासंकटाच्या आधी गुपचूप उचलून घेणं आणि मग काही वर्षांनी उघड येणं, असे दोन वेगळे प्रसंग, ही मांडणी लोकांपर्यंत पोचली ती १८३० च्या दशकापासून, जॉन नेल्सन डार्बी नावाच्या उपदेशकामुळे, आणि १९०९ साली स्कोफिल्डचं टिपांसह बायबल छापून आलं त्यानंतर तर घरोघरी. आजही खूप मनापासून प्रभूवर प्रेम करणारे लोक ती मानतात आणि तितकेच मनापासून प्रेम करणारे मानत नाहीत. मी कोणती बरोबर ते सांगणार नाही, मी समुपदेशक आहे, तो तुझ्या आणि तुझ्या चर्चच्या पाळकांच्या अभ्यासाचा विषय. पण जे तुला सूर्य उगवण्याइतकं पक्कं म्हणून सांगितलं ते अठरा शतकं बहुतेक ख्रिस्ती माणसांनी त्या रूपात ऐकलंच नव्हतं, एवढं माहीत असू दे.

तारखांचा विषय निघाला तेव्हा तो जरा हसला, कारण त्याच्याकडेही एक फॉरवर्ड आलेलं होतं. मी त्याला विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाचं सांगितलं, दानीएलाच्या आठव्या अध्यायातल्या २३०० दिवसांचा हिशोब, त्यावरून त्याच्या अनुयायांनी शेवटी ठरवलेली तारीख २२ ऑक्टोबर १८४४, अमेरिकेत हजारो लोक वाट बघत बसले आणि सकाळ झाली नेहमीसारखी. हॅरल्ड कँपिंग या रेडिओवरच्या उपदेशकाचं सांगितलं, २१ मे २०११, मग ते हुकल्यावर २१ ऑक्टोबर २०११, आणि २०१२ मध्ये त्याने तारीख सांगणं हे पाप होतं असं लेखी कबूल केलं. आणि या सगळ्याच्या वर मत्तय २४:३६ आहेच की तो दिवस दूतांनाही ठाऊक नाही, फक्त पित्याला. थेस्सलनीकात सुद्धा काहींनी प्रभूचा दिवस आलाच म्हणून कामधाम सोडलं असावं, दुसऱ्या पत्रात पौल त्यांना झापतो, ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. तो म्हणाला ताई मी काम तर करतो. मी म्हटलं हो, पण झोप सोडलीयस.

खरी गाठ मात्र तारखेची किंवा तुतारीची नव्हतीच. ती होती खरेपणाची. मत्तयाच्या सातव्या अध्यायातलं ते वचन त्याच्या उरावर बसलेलं, मला प्रभू प्रभू म्हणणारा प्रत्येक जण आत जाणार नाही, आणि त्या दिवशी तो म्हणेल मी तुम्हाला कधीच ओळखलं नाही. तो म्हणाला ती माणसं पण स्वतःला विश्वासणारीच समजत होती ना, मग मी कशावरून नाही?

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. मी त्याला म्हटलं नीट बघ ती माणसं काय बोलतायत. आम्ही तुझ्या नावाने भविष्य सांगितलं, भुतं काढली, चमत्कार केले. त्यांच्याकडे यादी तयार आहे, त्यांना शंका नाहीच, खात्री आहे. आता पंचविसावा अध्याय बघ, मेंढरं आणि शेरडं. राजा उजवीकडच्यांना म्हणतो मी भुकेला होतो तुम्ही मला खायला दिलं, तर ते काय म्हणतात? प्रभू, कधी? आम्हाला तर आठवतच नाही. तिथे एकानेही आधी स्वतःला तपासून, मोजून, नोंद करून ठेवलेली नाही. उघड्याला कपडा दिला आणि विसरून गेले. आणि मार्काच्या नवव्या अध्यायातला तो बाप, ज्याचं पोर तोंडाला फेस येऊन पडायचं, तो येशूला काय म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव. एका श्वासात दोन्ही. येशूने त्याला सांगितलं का की जा आधी मनापासून म्हणून ये? नाही, पोर बरं केलं.

मग मी जे सांगितलं ते खरं तर मला स्वतःलाच त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. तो सारखं म्हणत होता ताई पण जागे राहा असं लिहिलंय, दिवे घेऊन वराची वाट बघणाऱ्या दहा कुमारींची गोष्ट, पाच शहाण्या, पाच मूर्ख, झोपलो तर संपलं. मी गोष्ट काढली आणि पाचवी ओळ मोठ्याने वाचली. वराला उशीर झाला आणि त्या सगळ्या पेंगल्या आणि झोपी गेल्या.

सगळ्या.

शहाण्या पाच पण झोपल्या होत्या. संडे स्कूलमध्ये ही गोष्ट आपण चित्रांसकट शिकतो आणि माझ्या आठवणीतल्या चित्रात तर मूर्ख पाच आडव्या आणि शहाण्या पाच ताठ उभ्या, हातात दिवे. मजकुरात तसं नाही. फरक जागण्याचा नव्हता, दिव्याच्या तेलाचा होता, आणि ते शहाण्यांनी झोपायच्या आधीच घेतलेलं होतं. तो बराच वेळ पुस्तकाकडे बघत बसला.

आता इथे गोष्ट संपली असती तर किती छान. पुढच्या आठवड्यात आला तो म्हणाला ताई रोज रात्री ते वचन म्हणतो, सगळ्या झोपल्या, सगळ्या झोपल्या. किती वेळा? तो खाली बघायला लागला. वहीत लिहिलेलं होतं, एकतीस. म्हणजे आणखी एक मंत्र! ओसीडीला तुम्ही काहीही द्या, तो त्याची माळ करून ओढणार. मी डोक्याला हात लावला आणि मग आम्ही दोघंही हसलो, बहुतेक तिथपासून खरं काम सुरू झालं.

काम म्हणजे काय, तर ज्याची भीती वाटते त्याला सामोरं जायचं आणि भीती घालवायला जी कृती आपण करतो ती करायची नाही. १९६६ मध्ये व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लंडनमध्ये दोन रुग्णांवर हे केल्याचं लिहिलं तेव्हापासून ही पद्धत चालत आलीय आणि मंत्रचळावर बोलण्याच्या उपचारांत हीच सगळ्यात खात्रीची मानतात. ऐकायला सोपं आहे. श्रद्धाळू माणसाला मात्र वाटतं की तुम्ही मला प्रार्थना करू नको सांगताय, म्हणजे पाप करायला सांगताय. म्हणून मी त्याच्या परवानगीने त्याच्या पाळकांना भेटले. मला जरा धाकधूक होती, कारण असे पाळकही बघितलेत जे म्हणतात अजून उपास करा, विश्वास कमी पडतोय. हे तसे निघाले नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्याला समोर बसवून सांगितलं, बाळा, तारणाची प्रार्थना तू बारा वर्षांचा असताना केलीस, ती पोचली. आता तू जी करतोयस ती प्रार्थना नाही, ती पावती मागणं आहे. रोजची प्रार्थना कर, उपकारस्तुती कर, दुसऱ्यांसाठी माग, पण ही एक मी पाळक म्हणून तुला बंद करायला सांगतो, जबाबदारी माझी. ते पुन्हा समजावायचं नाही हेही त्यांनी कबूल केलं आणि पाळलं. अशा केसमध्ये मंडळीतला एक शहाणा माणूस दहा सेशन वाचवतो. झोपेची अवस्था बघून मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं, त्यांनी गोळी सुरू केली, ती त्याने वर्षभर घेतली आणि डॉक्टरांच्याच सांगण्याने हळूहळू बंद केली. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी असं कोणी म्हणालं तर त्याला चष्मा काढून बायबल वाचायला सांगा.

आधी आम्ही सोपं घेतलं. माझ्यासमोर तुतारीचं वचन वाचायचं आणि दहा मिनिटं ती प्रार्थना करायची नाही. पहिल्या दिवशी तो दहा मिनिटं खुर्चीच्या दांड्याला धरून बसला होता, बोटं पांढरी पडलेली, ओठ मिटून, आणि मी नुसती घड्याळाकडे बघत, एक शब्द धीराचा न बोलता. ते मला किती जड गेलं काय सांगू, जिभेवर वचन तयार होतं. सातव्या मिनिटाला बाहेर कुठेतरी एक ट्रक भोंगा देत गेला आणि तो अक्षरशः उडाला. दहा मिनिटं झाली. मी विचारलं आता भीती दहापैकी किती? म्हणाला आठ. सुरुवातीला नऊ होती. एवढंच. मग तुतारीच्या आवाजाची फाइल ऐकणं, मग एक वाक्य कागदावर लिहून खिशात ठेवणं, कदाचित मी मागे राहीन, मला खात्रीने कधीच कळणार नाही. त्या कागदावरून तो माझ्याशी भांडला. हे लिहिणं म्हणजे तारण नाकारणं नाही का? मी म्हटलं तुझ्या पाळकांना एकदा विचार. त्यांनी सांगितलं म्हणे की स्वतःबद्दलची खात्री नाकारतोयस, प्रभूबद्दलची नाही. मला हे सुचलं नसतं.

सगळ्यात शेवटी ठेवलेलं काम आत्याचं. लास्ट सीन बघायचा नाही. आणि ते काही केल्या जमेना, प्रार्थना त्रेसष्टवरून सहावर आल्या पण चॅट उघडणं थांबेना. शेवटी मी म्हटलं आत्याला सांगूया का? तो म्हणाला मरेन पण सांगणार नाही. पण तीनेक आठवड्यांनी स्वतःच सांगून आला. आत्याने सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, अरे म्हणजे ते तू मुद्दाम करायचास! तिला दोन वर्षं पहाटे मिस कॉल येतात, तिला नंबर तर दिसायचा, तिला वाटायचं भाच्याची रात्रपाळी असेल, चुकून लागत असेल. आणि पुढे म्हणाली, मी पण पहाटे उठले की आधी तुझंच बघते, हा पोरगा तीनला ऑनलाइन, साडेतीनला ऑनलाइन, झोपत कसा नाही, म्हणून रोज चारला पहिली प्रार्थना तुझ्या झोपेसाठी. तो मला हे सांगत होता तेव्हा मीच टिश्यू शोधत होते. आणखी एक गोष्ट तिने सांगितली. त्याने विचारलं होतं, आत्या तुला भीती नाही वाटत, तू तर नक्की जाणार. ती म्हणाली कोण म्हणालं नक्की, मला तर कित्येक दिवस प्रार्थनेत काहीच वाटत नाही, मी आपली बसते. याला धक्काच बसला. ज्या बाईला त्याने मोजमाप केलं होतं तिच्याकडे त्याला हवी ती खात्री नव्हतीच, आणि तरी ती रोज चारला उठत होती.

मला येणाऱ्या मेसेजेसमध्ये नेमकं हेच विचारलं जातं की ताई, माझी काळजी साधी आहे का हा आजार आहे. एका ओळीत नाही सांगता येत. द्वितीयागमनाचा विचार करून कोणाला आपल्या वागण्याची लाज वाटली, कोणाशी अबोला होता तो सोडला, घेतलेले पैसे परत केले, तर त्या काळजीने काम केलं आणि ती निघून गेली, तिला हात लावू नका. पण ज्या काळजीतून करण्यासारखं काहीच निघत नाही, जी फक्त परत तपास परत तपास म्हणते, उत्तर मिळाल्यावर तासभर गप्प बसते आणि मग त्याच उत्तराला भोक पाडून वर येते, तिच्याशी वचनांनी भांडत बसू नका, जाणकार माणूस गाठा. आणि घरच्यांनो, तुमचं पोर दिवसातून दहा वेळा विचारत असेल की मी वाचलोय ना, तर अकराव्यांदा हो म्हणून तुम्ही त्याला बरं करत नाही. मी चार आठवडे तेच केलं.

बाकी तो शेवटच्या सेशनला आला होता त्याला आता बरेच महिने झाले. प्रार्थनेचा आकडा आम्ही मोजणं सोडलं होतं. झोप सहा तास, कधी साडेसहा. आत्याचं चॅट त्याने उडवलं नाही, फक्त रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो. निघताना सांगत होता की मागच्या गुरुवारी सकाळी आठला सहज आत्याला फोटो पाठवला कसला तरी, एकच टिक आली. नऊला बघितलं, एकच टिक. फोन लावला, बंद. घरचा फोन लावला, कोणी उचलेना. मी विचारलं मग?

मग काही नाही ताई, घाम फुटला होता, पाच मिनिटं पायरीवर बसलो. मग ऑफिसला उशीर होत होता म्हणून गेलो. दुपारी तिचाच फोन आला, चार्जर बिघडला होता म्हणे, आणि फोटो छान आलाय.